खानदेशचे दवाखाने आणि पाच खिशांचा पैसा

चोपडा किंवा यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात लसीकरणाच्या दिवशी जा. एकाच व्हरांड्यात पाच-सहा मालकांची माणसं काम करताना दिसतील. वैद्यकीय अधिकारी राज्य शासनाच्या सेवेतले, पण नेमणूक जिल्हा परिषदेकडे. लस टोचणारी एक आरोग्यसेविका जिल्हा परिषदेची कायम कर्मचारी, तर तिच्या शेजारी तेच काम करणारी दुसरी राष्ट्रीय आरोग्य अभियानाची, कंत्राटी. उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ) मॅडमही अभियानाच्याच. बाळाचं वजन घेणारी अंगणवाडी सेविका महिला व बालविकास विभागाची. आयांना घरून बोलावून आणणारी आशा कागदोपत्री स्वयंसेविका, म्हणजे कुणाचीच नोकर नाही. केंद्राच्या गाडीचा चालक बहुधा ठेकेदाराचा, आणि पोट दुखू लागलेल्या गरोदर बाईला हलवायला आलीच तर १०८ ची गाडी एका खाजगी कंपनीची. काम सगळ्यांचं एक, पैशाची तारीख प्रत्येकाची वेगळी. ‘पैसा उनात का?’ हा प्रश्न या व्हरांड्यात नमस्कारासारखा विचारला जातो.

आरोग्यावरच्या सरकारी खर्चाची चर्चा आपल्याकडे टक्केवारीपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. टक्के महत्त्वाचे आहेतच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये, कोविडचा खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता. राज्यांनी अंदाजपत्रकाच्या आठ टक्के आरोग्याला द्यावेत, असंही त्याच धोरणात आहे. महाराष्ट्र पाचाच्या आगेमागे घुटमळतो. लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला खर्च मात्र देशातल्या एकूण आरोग्यखर्चाच्या ३९.४ टक्के होता. जळगाव-धुळ्याच्या भाषेत सांगायचं तर ओपीडीत तपासणी फुकट, आणि हातात बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी.

पण जळगाव जिल्ह्यात पंधरा तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४२ लाख माणसं आहेत, धुळ्यात चार तालुके आणि साडेवीस लाख. इतक्या लोकांचे दवाखाने चालवताना टक्केवारीपेक्षा वेगळे प्रश्न रोज समोर येतात. पैसा कोणत्या लेखाशीर्षाखाली आला, कोणत्या तारखेपर्यंत खर्चायचा आणि सही कुणाची? माझं मत सरळ आहे. गेल्या वीस वर्षांत खानदेशात आरोग्याचा पैसा आलाच नाही असं नाही. तो मुख्यतः बांधता येईल किंवा बिल करता येईल अशा रूपात आला. दवाखाना रोज चालवायला लागणाऱ्या माणसांना, औषधांना आणि किरकोळ दुरुस्तीला तो सर्वांत कमी आणि सर्वांत उशिरा मिळाला.

स्थानिक पैसा स्थानिक कामाला, हा विचार इथे नवा नाही. १८६९ च्या मुंबई इलाख्याच्या लोकल फंड कायद्यानं शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा उपकर बसवला. त्यातून रस्ते, शाळा आणि काही प्रमाणात दवाखाने चालले. कापसाच्या पैशानं हात सैल असलेल्या खानदेशात त्या आण्याला वजन होतं, जरी तो कसा खर्चायचा हे कलेक्टरच ठरवत असे. स्वातंत्र्यानंतर, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं त्यांच्याकडे गेली. तेव्हाच्या कल्पनेप्रमाणे जिल्ह्याचं आरोग्य जिल्ह्यानंच पाहायचं होतं. प्रत्यक्षात इमारत, शिपाई आणि नर्स जिल्हा परिषदेची झाली, पगाराचं अनुदान मंत्रालयातून येत राहिलं आणि उपकरातून उरणारा जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस फंड इतका लहान, की आरोग्याच्या वाट्याला त्यातून खाटांच्या गाद्या आणि फॉगिंग मशीन यापलीकडे फारसं काही येत नाही.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा एक चांगली गोष्ट झाली. पहिल्यांदाच गावपातळीवर बंधन नसलेला निधी पोचला. उपकेंद्राला वर्षाला १०,००० रुपये, गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला १०,०००, प्राथमिक आरोग्य केंद्राला २५,००० आणि देखभालीचे वेगळे ५०,०००, शिवाय रुग्ण कल्याण समितीला १ लाख. आज हे आकडे किरकोळ वाटतात. पण ज्यानं आरोग्य केंद्र चालवलं आहे त्याला विचारा. नळ गळतोय, इन्व्हर्टरची बॅटरी उतरली, प्रसूतीच्या टेबलाचं रेक्झिन फाटलं, मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर उष्माघात कक्षातला कूलर बंद पडला, यातल्या कुठल्याही गोष्टीसाठी जिल्ह्याला प्रस्ताव पाठवला तर उत्तर येईपर्यंत पावसाळा उजाडतो. समितीचा ठराव आणि दोन सह्या यांवर ते काम दोन दिवसांत होत होतं. अभियानाच्या सगळ्या योजनांमधली सर्वांत उपयोगी तरतूद कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी हीच सांगेन, आशा योजनेच्या खालोखाल.

पुढे हाच निधी आकसला किंवा उशिरा येऊ लागला, त्याच्यावर काय घ्यावं आणि काय घेऊ नये याची परिपत्रकं वाढत गेली. खाती एका केंद्रीय खात्याला जोडली गेली, त्यामुळे गैरव्यवहाराला आळा बसला असेल, पण वैद्यकीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे एमओच्या, हातातली मोकळीकही गेली. त्यात मार्च २०२२ मध्ये जळगाव जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत संपली आणि ओबीसी आरक्षणाच्या खटल्यांत निवडणुका वर्षानुवर्षं अडकल्या. रुग्ण कल्याण समितीचं अध्यक्षपद जिल्हा परिषद सदस्याकडे असायचं. तो सदस्यच उरला नाही. समितीच्या बैठकीत टेबलावर हात आपटून ‘माझ्या गटातली ॲम्ब्युलन्स तीन महिने बंद का?’ म्हणणारा माणूस गेला. सदस्यांविषयी आपण एरवी चांगलं बोलत नाही, ठेकेदारीच्या कहाण्या सगळ्यांनाच ठाऊक आहेत, पण प्रशासकाच्या काळात हा प्रश्न विचारायला कुणीच नव्हतं. शिवाय निवडून आलेलं मंडळ नसेल तर पंधराव्या वित्त आयोगाचं अनुदान अडत असे. महाराष्ट्रात या अनुदानातले ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला मिळत. निवडणुका खटल्यांत लांबल्या आणि भुर्दंड तालुक्या-तालुक्यांना बसला.

मोठा पैसा जिल्हा नियोजन समितीतून, म्हणजे डीपीडीसीतून येतो. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सचिव. या पैशाची चाल ठरलेली आहे: वर्षाच्या सुरुवातीला आराखडा, दिवाळीपर्यंत प्रशासकीय मान्यतेची वाट, जानेवारीत धावपळ, आणि ३१ मार्चच्या रात्री कोषागारात बीडीएस या निधिवाटप प्रणालीवर पडणाऱ्या रकमा. अशा घाईत सर्वांत सोपा खर्च बांधकामाचा आणि यंत्रखरेदीचा. जिल्हा परिषदेला मिळालेला पैसा पुढच्या वर्षीपर्यंत वापरता येतो, एवढीच काय ती सवलत. उपकेंद्राची इमारत मंजूर होते, कोनशिला बसते, फोटो येतो. त्या इमारतीतल्या माणसांची पदं मात्र वेगळ्या फाइलीत, आकृतिबंधात, वित्त विभागाच्या टेबलावर असतात. इमारत हा एकदाचा खर्च, माणूस हा तीस वर्षांचा. वित्त विभाग दुसऱ्याला घाबरतो, आणि त्यात त्याचं सगळंच चूक आहे असंही नाही. पण परिणाम असा, की रंगरंगोटी केलेल्या उपकेंद्राला कुलूप आणि जुन्या पत्र्याच्या खोलीत एकच सेविका तीन उपकेंद्रांचा कार्यभार सांभाळत बसलेली. लोकसंख्येचे निकषही जुनेच: सपाटीवर ३०,००० आणि आदिवासी भागात २०,००० माणसांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे हिशेब २०११ च्या डोक्यांवर.

डीपीडीसीचा पैसा वेगानं आणि शहाणपणानंही वापरता येतो, याचं उदाहरण खानदेशातच आहे. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड मूळचे साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे. पहिली लाट ओसरत असताना, सप्टेंबर २०२० मध्ये, त्यांनी हवेतून ऑक्सिजन काढणारा पहिला प्रकल्प उभा केला आणि एप्रिल २०२१ पर्यंत तीन. एकेकाचा खर्च सुमारे ८५ लाख रुपये. जिल्हा नियोजन, राज्य आपत्ती निधी आणि कंपन्यांचा सीएसआर असे तीन खिसे त्यासाठी एकत्र केले. दुसऱ्या लाटेत मोठी शहरं टँकरची वाट पाहत होती, तेव्हा राज्यातला सर्वांत मागास म्हणून हिणवला जाणारा जिल्हा स्वतःचा ऑक्सिजन वापरत होता. कौतुक व्हायलाच हवं. त्याबरोबर हेही पाहायला हवं, की महामारीच्या कायद्यानं मिळालेले अधिकार एरवी जिल्हाधिकाऱ्यालाही नसतात, एमओची तर गोष्टच सोडा.

जळगावचं त्याच काळातलं चित्र निराळं होतं. जिल्हा रुग्णालय २०१८ मध्ये नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलं गेलं, १०० जागांचं एमबीबीएस सुरू झालं, चिंचोली शिवारात वैद्यकीय संकुलाची घोषणा झाली. गिरीश महाजन वैद्यकीय शिक्षणमंत्री होते, जामनेरचे. खानदेशाला हे मिळालं ते राजकीय वजनामुळे, आणि मिळालं हे चांगलंच झालं. पण महाविद्यालय उघडणं आणि जिल्हा रुग्णालय चालवणं ही दोन कामं आहेत. मे-जून २०२० मध्ये जळगावचा कोविड मृत्युदर राज्यात चर्चेचा विषय झाला. जूनमध्ये रुग्णालयातून ‘बेपत्ता’ म्हणून नोंदलेल्या एका वृद्ध रुग्ण महिलेचा मृतदेह आठ दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जणांचं निलंबन झालं. निलंबनानं जबाबदारी ठरते. रात्रीच्या पाळीला एका वॉर्डात किती परिचारिका, किती कक्षसेवक आणि किती सफाई कामगार हवेत, आणि त्यांचा पगार कोण देणार, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

जिल्हा रुग्णालयाच्या या हस्तांतराची दुसरी किंमत कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यातल्या सरकारी दवाखान्यांत सगळे उपचार मोफत झाले. केसपेपरपासून एक्स-रेपर्यंत. निर्णय स्वागतार्ह, पण तो सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयीन रुग्णालयं त्यात नव्हती. म्हणजे एरंडोलच्या ग्रामीण रुग्णालयात फुकट आणि तिथून पाठवलेल्या रुग्णाला जळगावच्या ‘सिव्हिल’मध्ये शुल्क. लोक आजही त्या रुग्णालयाला सिव्हिलच म्हणतात. खिडकीवर पैसे का मागतात हे पारोळ्याच्या शेतमजुराला कसं समजावं? दोन मंत्री, दोन सचिव, दोन लेखाशीर्षं, हे त्याला सांगून काय उपयोग?

धुळ्याला हा अनुभव आधीच आला होता. तिथलं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८० च्या दशकाच्या अखेरचं. मार्च २०१७ मध्ये अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण आला, न्यूरोसर्जन नव्हता, निवासी डॉक्टरनं दुसरीकडे न्यायला सांगितलं, आणि नातेवाइकांनी त्याला इतकं मारलं की डोळा गेला. राज्यभरचे निवासी डॉक्टर रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं, सरकारनं रुग्णालयांना सुरक्षारक्षक द्यायचं कबूल केलं. मारणाऱ्यांचं समर्थन होऊच शकत नाही. पण ज्या पदाच्या अभावी तो प्रसंग उद्भवला, त्या पदाची चर्चा त्या गदारोळात कुठल्या कुठे गेली. पहारेकऱ्याचा खर्च समजायला सोपा असतो.

तज्ज्ञ नाहीत, म्हणून विमा, हा पुढचा मार्ग. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे होतं. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा फुले यांच्या नावानं ओळखली जाऊ लागली, केंद्राच्या आयुष्मान योजनेशी जोडली गेली आणि संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर आलं. हृदयाच्या शस्त्रक्रिया, डायलिसिस, कॅन्सर यांत या योजनेनं हजारो कुटुंबांना सावकारापासून वाचवलं, हे नाकारणारा माणूस खानदेशात फिरलेला नाही. पण योजनेचा पैसा रुग्णालय असेल तिथेच जातो. संलग्न रुग्णालयं मुख्यतः जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, शिरपूर अशा शहरांत. बोदवड किंवा शिंदखेड्यातून तिथवर यायचं, सोबतीच्या माणसानं मजुरी बुडवायची. आणि साखर, रक्तदाब, दमा यांच्या रोजच्या गोळ्या भरती झाल्याशिवाय योजनेत बसत नाहीत. पाच रुपयांच्या गोळीला पैसा नाही, ती न घेतल्यामुळे झालेल्या पक्षाघाताला पाच लाखांपर्यंत आहे. गोळ्यांची खरेदी २०१७ पासून हाफकिनकडे एकवटली, मागण्या तुंबल्या, शेवटी २०२३ मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. तामिळनाडूनं असं महामंडळ १९९०च्या दशकातच चालवून दाखवलं होतं.

शहराचं थोडक्यात. जळगाव २००३ मध्ये महापालिका झाली ती नगरपालिकेच्या काळातलं हुडकोचं कर्ज डोक्यावर घेऊनच. घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या खटल्याचा निकाल ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयात लागला. तोवर कर्जवसुली इतकी पुढे गेली होती, की महापालिकेची बँक खाती गोठवण्याची वेळ येऊन गेली. अशा महापालिकेनं स्वतःचे दवाखाने काय चालवायचे? नागरी आरोग्य केंद्रं मुख्यतः केंद्राच्या अभियानावर आणि वित्त आयोगाच्या पैशावर उभी राहिली; २०२१ ते २०२६ साठी आयोगानं देशभरात स्थानिक आरोग्याला ७०,०५१ कोटी रुपये ठरवले होते. ती मुदत संपली की ‘आपला दवाखाना’तल्या डॉक्टरचं मानधन कुठून द्यायचं, हा प्रश्न जळगाव आणि धुळे दोन्ही महापालिकांपुढे उभा राहणार हे आधीपासून दिसत होतं.

आता ज्यांच्यावर सगळं उभं आहे त्यांच्याकडे. आशाला कामाप्रमाणे मोबदला मिळतो. दवाखान्यात बाळंतपण घडवून आणलं तर ग्रामीण भागात ६०० रुपये, लसीकरण पूर्ण झालं की वेगळे, क्षयरुग्णाला गोळ्या दिल्या की वेगळे. महिन्याच्या शेवटी या सगळ्याचं बिल तिनंच भरायचं, गटप्रवर्तकानं तपासायचं, मग ते तालुक्याला जायचं. केंद्रानं नियमित कामांचे २,००० रुपये २०१८ पासून दिले, राज्याची भर वेगळी, आणि दोन्ही वेगवेगळ्या महिन्यांत येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये संप झाला, वाढीचं आश्वासन मिळालं, शासन निर्णय काही निघेना. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप. खानदेशातल्या बायाही मुलं सासूकडे ठेवून आझाद मैदानावर जाऊन बसल्या. मार्चमध्ये महिना ५,००० रुपयांची वाढ मंजूर झाली, आधीच्या नोव्हेंबरपासून. जे आश्वासन लेखी व्हायला चार महिने आणि दुसरा संप लागतो, त्याला वित्तीय शिस्त म्हणायचं का?

आदिवासी पट्ट्यात अमृत आहार योजना आहे, २०१५ पासून. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण, मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी, अंडी न खाणाऱ्यांना केळी. रावेर-यावलात केळी तरी मिळतात. डाळ-तेलासाठी मात्र पैसे येईपर्यंत सेविका किराणा दुकानात उधारी लावते, आणि दुकानदार सेविकेला ओळखतो, विभागाला नाही. हा पैसा आदिवासी विकास विभागाचा. मे २०२५ मध्ये याच विभागाचे ३३५.७० कोटी आणि सामाजिक न्यायचे ४१०.३० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, तेव्हा सामाजिक न्यायमंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना दीड हजार मिळू नयेत असं माझं म्हणणं नाही. पावरा, भिल, तडवी घरांतही ते गेले आणि कामी आले. पण रोख रकमेतून भरारी पथकाचा डॉक्टर पाड्यावर येत नाही.

राहिली म्हाताऱ्या-अपंगांची देखभाल. आरोग्याच्या चर्चेत ती जवळजवळ नसतेच, कारण घरची सून ती फुकट करते असं गृहीत आहे. मुलगा सुरतेला, सून त्याच्याबरोबर, म्हातारा-म्हातारी शिंदखेड्याच्या कोरडवाहू गावात. त्यांच्यासाठी संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे दीड हजार रुपये, उत्पन्नाचा दाखला २१,००० च्या आतला असेल तर. त्यातला केंद्राचा वाटा साठी ते ऐंशीच्या दरम्यान २०० रुपये आहे, २००७ पासून तेवढाच. ब्रिटननं १९४८ मध्ये दवाखाना मोफत केला, पण म्हातारपणाची सेवा स्थानिक परिषदांकडे आणि ऐपत पाहून देण्यावर सोडली. तो घोळ त्यांना अजून निस्तरता आलेला नाही. केरळनं १९९६ पासून नियोजनाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसा स्थानिक संस्थांकडे दिला, आरोग्य केंद्रं ग्रामपंचायतींकडे सोपवली, आणि २००८ च्या धोरणानंतर पंचायतीच्या पैशातून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी परिचारिका जाऊ लागली. आधी मलप्पुरमसारख्या ठिकाणी स्वयंसेवकांनी ते करून दाखवलं होतं, मग सरकार आलं.

इथे असं काही करायचं तर पैसा अगदीच नाही असंही नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. चार लाख उत्पन्नाच्या गावात ते २०,००० होतात, आणि बहुतेक गावं ते वीस जणांत हजार-हजार वाटून मोकळी होतात. पंधरा गावांनी ते एकत्र केले तर तीन लाख, म्हणजे एका परिचारिकेचं वर्षभराचं महिना २५,००० प्रमाणे मानधन. ग्रामसेवकापुढे हे मांडलं तर त्याची पहिली अडचण लेखापरीक्षणाची असेल: दुसऱ्या गावच्या माणसावर आपल्या गावचा निधी कसा खर्च दाखवायचा? दुसरी अडचण प्रमाणपत्राची. पक्षाघात होऊन वर्षभर पडून असलेला माणूस कागदोपत्री दिव्यांग नसतो, तोवर त्याच्यावर या निधीतला रुपया खर्चता येत नाही. तालुक्याला शिबिर लागलं तर ठीक. नाहीतर परिचारिका घरी यावी म्हणून आधी त्यालाच खाटेसकट गाडीत घालून रावेरहून जळगावला बोर्डापुढे न्यायचं, आणि त्या गाडीचं भाडं घरचेच भरतात.